बर्फाची आणेवारी

आमचं लग्न जमवणाऱ्या मध्यस्थानं नांदेडकर मंडळींना एवढंच सांगितलं होतं, "पोरगा बर्फाच्या लाइनीत आहे, लातुरात स्वतःचं घर आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यामुळे वजिराबादेतल्या त्यांच्या घरी पोह्यांच्या बशा फिरल्यावर भावी सासऱ्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "दिवसाला लाद्या किती निघतात?"

फेब्रुवारीचा महिना होता. मी खरं ते सांगितलं, "आता एक कोटी चाळीस लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. मार्चपर्यंत अजून थोडा वाढेल."

सासऱ्यांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पंख्याकडे पाहिलं. आतल्या खोलीतून कुणीतरी हसलं. तीच आता आमच्या घरी असते.

मग मी समजावायला लागलो. उत्तर ध्रुवाकडचा समुद्र गोठतो. त्यातून जहाजं जातात. त्यांना कुठं बर्फ आहे, किती आहे, किती जाड आहे आणि उद्या-परवा तो कुठं सरकेल हे कुणीतरी सांगावं लागतं. ते मी सांगतो. उपग्रहाची चित्रं येतात, त्यांवर रेघा मारतो, नकाशा पाठवतो. कंपनी दूरची आहे, पण कोरोनापासून काम घरून चालतं. जहाज आर्क्टिकमध्ये, कॅप्टन फिलिपिनो, उपग्रह युरोपचा आणि रेघ मारणारा हात लातूरच्या औसा रोडवर, दुसऱ्या मजल्यावर.

"म्हणजे हवामान खातं?" सासऱ्यांचा चेहरा पडला. मराठवाड्यात मुलीला हवामानवाल्याच्या घरी देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे अंदाज चुकला की माणसं त्याच्या जाहीर नकला करतात, आणि बरोबर आला की म्हणतात, "ते तर दिसतच होतं."

स्थळ हातचं जाणार असं दिसताच वडिलांनी घसा खाकरला. वडील निवृत्त तलाठी. त्यांनी एका वाक्यात सगळं मिटवलं, "काही नाही हो, तो बर्फाची आणेवारी लावतो."

"असं होय!" सासरे म्हणाले, आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

जगभर आमचा धंदा समजावून सांगणारी पुस्तकं, संस्था, परिषदा आहेत. पण इतकी नेमकी व्याख्या मी कुठंच वाचली नव्हती. सरकारदरबारी आणेवारीची पैसेवारी झाली त्याला कितीतरी वर्षं उलटली, तरी शेतकऱ्याच्या तोंडी अजून आणेवारीच. पीक रुपयात किती आलं, याचा सरकारी अंदाज. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलती, वर गेली की रास्ता रोको. आमचा हिशोब रुपयाऐवजी दहा भागांचा. समुद्राचा एखादा तुकडा घ्यायचा आणि त्यात किती भाग बर्फ, किती भाग पाणी ते सांगायचं. तीन दशांश असला तर जहाज शिट्टी वाजवत जातं. सहापर्यंत नकाशावर पिवळा रंग, सात-आठला नारिंगी, नऊ-दहाला लाल. लाल म्हणजे साध्या जहाजानं परत फिरावं. सवलत नाही, रास्ता मात्र आपोआप रोखला जातो.

वडिलांना हे काम माझ्यापेक्षा लवकर कळलं, कारण त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या हद्दी कागदावर मारण्यात गेलं. पहिल्या दिवशी ते माझ्या स्क्रीनसमोर बसले आणि म्हणाले, "हा गट नंबर कुठं संपतो?" मी रेघ दाखवली. दुसऱ्या दिवशी तीच रेघ पंधरा किलोमीटर खाली सरकलेली पाहून त्यांना धक्काच बसला. "बांध कोरला रे कुणी!" मी सांगितलं, वारा आणि समुद्राचा प्रवाह रोज बांध कोरतात. त्यांच्यावर केस कुठं टाकणार? वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सातबारा रोज नवा लिहायचा आणि एक रुपया वर मिळायचा नाही. अवघड नोकरी आहे."

या सातबाऱ्याला आमच्या धंद्यात अंडं म्हणतात. जागतिक हवामान संघटनेनं ठरवून दिलेली पद्धत आहे. नकाशावर अंड्याच्या आकाराची लंबगोल चौकट काढायची. सगळ्यांत वर एकूण बर्फ किती दशांश, खाली त्यातला कुठला किती, त्याखाली त्याचं वय, सगळ्यांत तळाला तुकड्यांचा आकार. जगातल्या कुठल्याही देशाचा खलाशी अंडं वाचून समजतो की पुढं काय वाढून ठेवलंय. अडचण एवढीच की माझी सासुरवाडी कट्टर शाकाहारी आहे. पहिल्या दिवाळसणाला साली फोनवर माझं बोलणं ऐकत होती, "हो सर, सगळी अंडी तपासली. दोन खराब निघाली. आज रात्रीपर्यंत नवी बारा टाकतो." त्या संध्याकाळी सासूबाईंनी माझं ताट वेगळं वाढलं होतं. अजूनही नांदेडात आमच्याविषयी एक मतप्रवाह असा आहे की जावईबापूंचा मूळ धंदा पोल्ट्रीचा.

बर्फाच्या वयाचं मात्र सासूबाईंना कळतं, कारण ते सगळं स्वयंपाकघरातलं आहे. समुद्राचं पाणी गोठायला लागलं की आधी बारीक सुया तरंगतात. मग त्यांचा दाट तवंग होतो, गार झालेल्या रश्श्यावर तेल-तुपाचा धरतो तसा. लाटा असतील तर त्याच्या गोल चकत्या होतात आणि एकमेकींना धडकून त्यांच्या कडा वर वळतात. इंग्रजीत त्यांना पॅनकेक म्हणतात. सासूबाईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "धिरडी आहेत की! पीठ पातळ झालंय मात्र." लाटा नसतील तर पातळ, काळपट, लवचीक पापुद्रा धरतो. लाट आली की मोडत नाही, वाकतो. तीस सेंटिमीटरच्या पुढं गेला की त्याला पहिल्या वर्षाचा बर्फ म्हणायचं. जो उन्हाळा तगून पुढं जातो तो जुना. अनेक उन्हाळे पचवलेला तो बहुवर्षीय. हा कठीण, निळसर, भल्याभल्या जहाजांना दाद न देणारा.

बहुवर्षीय बर्फ लातूरकराला किंवा नांदेडकराला समजावून सांगायला मी एकच उदाहरण देतो. विभागीय आयुक्तालय. २००९ साली ते नांदेडला द्यायचं ठरलं, लातूर पेटलं, आणि तेव्हापासून तो विषय किती उन्हाळे तगलाय ते मोजा. आमच्या घरात हा बर्फ दिवाणखान्याच्या बरोबर मध्ये आहे. सासरे आले की आम्ही तो उजवीकडून वळसा घालून पार करतो.

आणखी एक प्रकार असतो, किनाऱ्याला घट्ट धरून बसलेला. त्याला इंग्रजीत फास्ट आइस म्हणतात. मेव्हण्यानं विचारलं, "किती स्पीड असतो त्याचा?" मी म्हणालो, "शून्य. तो जागचा हलत नाही." त्याचं समाधान झालं. म्हणाला, "म्हणजे आपल्याकडच्या फास्ट पॅसेंजरसारखा."

आता माझ्या मोठ्या गुरूंविषयी. लातुरात बर्फ तीन कारणांसाठी लागतो : गोळ्याच्या गाडीला, लग्नाला आणि पोरगा पुण्याहून पोचेपर्यंत मयत ठेवायला. एका मे महिन्यात चुलतभावाचं लग्न निघालं आणि वडीलधाऱ्यांनी कामं वाटली. मठ्ठ्याचा बर्फ माझ्याकडे आला. "तुझीच लाइन आहे," काका म्हणाले. ध्रुवावरचा बर्फ बारा वर्षं न्याहाळून मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फाच्या कारखान्यात गेलो.

एमआयडीसीतली शेड होती. आत अमोनियाचा वास. जमिनीत मोठा हौद, त्यावर लाकडी फळ्या. फळ्या उचलल्या की खाली पत्र्याचे उंच डबे पाण्यात उभे. डब्यात गोडं पाणी, बाहेर हौदात मिठाचं. मिठाच्या पाण्याला यंत्र शून्याच्या खाली आठ-दहा अंशांपर्यंत नेतं, पण ते गोठत नाही. डब्यातलं गोडं पाणी मात्र गोठून लादी होते. समुद्राचं पाणी शून्याला का गोठत नाही, उणे १.८ अंशांपर्यंत का वाट पाहतं, हे शिकायला मी दोन वर्षं आणि बापाचे बरेच पैसे घालवले होते. इथं बनियनवरचा एक माणूस हातात लोखंडी आकडा घेऊन ते रोज करत होता.

त्यानं एक डबा वर ओढला, साध्या पाण्यात बुडवून काढला, आडवा केला. लादी सळकन फळीवर आली. कडेनं काचेसारखी स्वच्छ, पोटात लांबट पांढरी रेघ, खडूनं मारल्यासारखी. मी विचारलं, "हे पांढरं काय आहे?"

"घाण," तो म्हणाला. "कडंचं पानी आधी धरतंय. धरताना घाण आन् हवा आत ढकलतंय. शेवटाला समदं मधी अडकतंय. बर्फ काय घाण घेत न्हाई बगा आंगावर."

मी फळीवरच बसलो. समुद्री बर्फाचं अख्खं रसायनशास्त्र त्यानं तेवढ्यात उरकलं होतं. समुद्र गोठतो तेव्हा बर्फ मीठ बाहेर ढकलतो. थोडं खारं पाणी पोटात बारीक नळ्यांत अडकतं, तेही हळूहळू खाली गळतं. म्हणून ताजा समुद्री बर्फ खारट आणि जुना इतका गोड की पूर्वी ध्रुवावर गेलेले लोक तो वितळवून प्यायचे. आणि बाहेर पडलेलं जड खारं पाणी समुद्राच्या तळाकडं जातं, त्यावर जगातल्या महासागरांचे खोल प्रवाह चालतात. एवढं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "लाद्या किती?"

चार सांगितल्या. त्यानं विचारलं, "कार्यालय कुठलं?" मी सांगितलं. "टेम्पो कुनाचा?" सांगितला. "नवरी नांदेडची का?" हो म्हणालो. त्यानं आभाळाकडं पाहिलं, लादीवर भुस्सा टाकला, गोणपाट लपेटलं आणि म्हणाला, "दीडशे किलोची लादी हाय. जेवणावळीला हातात सव्वाशे पडंल. नांदेडचं वऱ्हाड उशिरा येतंय, मग शंभर धरा. पाचवी लादी न्या."

मी नेली नाही. माझ्याही डोक्यात हिशोब होता : तापमान ४३, अंतर सात किलोमीटर, भुश्शाचा थर एवढा. वऱ्हाडाचा उशीर माझ्या गणितात नव्हता. लग्न साडेबाराचं, अक्षता पावणेतीनला. शेवटच्या तीन पंगतींनी कोमट मठ्ठा प्याला आणि काका अजून म्हणतात, "ध्रुवाचं सांगतोय लेकाचा, चार लाद्यांचं सांगता येईना."

पण चूक म्हणावी अशी माझी खरी चूक वेगळीच आहे. आमची चित्रं रडारची असतात, कारण ध्रुवावर हिवाळाभर अंधार आणि उन्हाळाभर ढग. साधा कॅमेरा काय करणार? रडारला अंधारातही दिसतं. पण त्याचं दिसणं आमच्या एका चुलत्यासारखं आहे : माणूस दिसतो, कोण ते कळत नाही. शांत पाणी चित्रात काळं. नुकताच धरलेला गुळगुळीत बर्फही काळाच. वाऱ्यानं खवळलेलं पाणी पांढरट, आणि जुना खडबडीत बर्फही पांढरट. अशाच एका रात्री, लाइट जाऊन आलेली, कूलरमधलं पाणी संपलेलं, मी वाऱ्यानं खवळलेल्या मोकळ्या पाण्यावर नऊ दशांशाचं लालभडक अंडं ठेवलं. जहाजानं मोठा वळसा घातला. कॅप्टनची मेल आली, अत्यंत सभ्य : बर्फ कुठं दिसला नाही, देवमासे मात्र छान दिसले, आभार. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या वेळी पेरलेलं की पडीक एवढं तरी कळायचं."

लोक विचारतात, हे असलं काम भारतात कुणाला लागतं? लागतं. ६ डिसेंबर १९८१ ला डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. मैत्री आणि भारती ही आपली दोन केंद्रं तिथं चालू आहेत आणि दर वर्षी तिकडं सामान नेणाऱ्या जहाजाला बर्फातूनच वाट काढावी लागते. यासाठीची राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्कोला आहे. हे ऐकून आमचा एक मित्र म्हणाला होता, "गोव्यात बर्फ ग्लासात असतो."

त्याच मित्रानं २०१६ च्या एप्रिलमध्ये मला मध्यरात्री फोन केला होता. तो उन्हाळा आठवत असेल. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. स्टेशनवर हार-तुरे, सेल्फी. मित्राचं म्हणणं, "तुझ्याकडं एवढा बर्फ पडून हाय. त्यातला एक तुकडा वाघिणीला मागं जोडून आणता येत न्हाई का?"

हसू नका. १९७७ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या विद्यापीठात यावर चांगली आंतरराष्ट्रीय परिषद झाली होती. सौदी अरेबियाचे राजपुत्र मोहम्मद अल-फैसल यांना हिमनग ओढून वाळवंटात आणायचा होता. परिषदेसाठी अलास्काहून खास एक छोटा हिमनग आणला आणि फोडून पाहुण्यांच्या पेयांत घातला. परिषदेचं एवढंच फलित. मी मित्राला समजावलं की हिमनग वेगळा, समुद्री बर्फ वेगळा. हिमनग जमिनीवरच्या हिमनदीचा तुटलेला तुकडा. समुद्री बर्फ समुद्राच्याच पाण्याचा. पुढच्या वर्षी त्याला हेही सांगितलं की २०१७ च्या जुलैत अंटार्क्टिकातून सुटलेला एक हिमनग ५,८०० चौरस किलोमीटरचा होता आणि आपला अख्खा लातूर जिल्हा ७,१५७ चौरस किलोमीटरचा. तो म्हणाला, "मग काय वाईट? उदगीर सोडून बाकी सगळ्यांना पुरंल." मित्राचं उदगीरवाल्यांशी काय बिनसलंय, ते मी कधी विचारलं नाही.

आमच्याकडे आभाळातून बर्फ येत नाही असं मात्र नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं मराठवाड्याचं रब्बी झोडपून काढलं. गहू आडवा, हरभरा आडवा, झाडाखाली मेलेले पक्षी. गावाकडून फोन आला होता, "रान पांढरं झालंय, ये तुझा नकाशा घेऊन." त्या वेळी मी गेलो आणि नकाशा न काढता परत आलो.

तर मुद्दा पावसाचा. गावी गेलो की पारावर पहिला प्रश्न ठरलेला, "काय करलालास सध्या?" आणि मी सांगून संपायच्या आत दुसरा, "त्ये जाऊ दे, पाऊस कवा हाय?" वर्षानुवर्षं मी सांगत आलो की माझं खातं वेगळं, आपल्या पावसाचा नि माझ्या बर्फाचा काही संबंध नाही. २०२१ साली माझी ही ढाल गेली. त्या वर्षी वास्कोच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा निबंध आला. रशियाच्या उत्तरेला कारा नावाचा समुद्र आहे. उन्हाळ्यात तिथला बर्फ घटला की वरच्या हवेच्या लाटा अशा काही वळतात की सप्टेंबरमध्ये, पावसाळा सरता सरता, भारतात अतिवृष्टी वाढण्याशी त्याचा संबंध असू शकतो. असू शकतो, असंच त्यांनी म्हटलंय. आम्ही लोक असंच बोलतो.

आणि नेमकं त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाचं उरलंसुरलं आमच्यावर येऊन कोसळलं. पाच वर्षांपूर्वी ज्या मांजरा धरणात ढेकळं होती त्याचे दरवाजे उघडावे लागले. इकडं लातूर, तिकडं नांदेड, मधलं सगळं रान पाण्याखाली. आमचं चार एकर सोयाबीन शेंगांसकट कुजलं, उभ्या झाडाला दाण्यांना कोंब फुटले. ते एका वादळाचं काम होतं, काराचं नाव त्याला चिकटवता येत नाही, हे मी घरात दहा वेळा सांगितलं. पण वडिलांनी निबंधाचा मथितार्थ ऐकून घेतला होता.

"म्हणजे तुझ्या समुद्रात बर्फ कमी, तर आपल्या रानात पाणी जास्त?"

"शक्यता आहे."

"शक्यता किती पैसे?"

मी गप्प बसलो. तीस वर्षं आणेवारी लावलेल्या माणसाला टांगता आकडा चालत नाही.

तेव्हापासून ऑगस्ट लागला की वडील रोज सकाळी विचारतात, "कारा किती?" मी सांगतो, चार दशांश, तीन, दोन. ते वहीत लिहितात आणि गावी फोन लावतात. सप्टेंबरच्या मध्यावर आर्क्टिकचा बर्फ वर्षातला सगळ्यांत कमी होतो. २०१२ साली तो चौतीस लाख चौरस किलोमीटरवर आला होता, उपग्रहानं मोजायला लागल्यापासून इतका कमी कधीच नाही. आणि सप्टेंबरच्या मध्यावरच आमच्याकडे सोयाबीन पिवळं पडून काढणीला येतं. पारावर आता काराची चर्चा नक्षत्रांच्या रांगेत होते. मघा, पूर्वा, उत्तरा, कारा. मागच्या खेपेला एका आजोबांनी मला थांबवून विचारलं, "ह्या काराचं वाहन काय?"

मी म्हणालो, "पांढरं अस्वल."

त्यांनी विचार केला. "पानी बेताचं दिसतंय मग. बेडूक असता तर जास्त."

हे वाचताय तेव्हा तुमच्याकडे काढणी चालू असेल. कारा समुद्रात किती दशांश आहे ते मी सांगेन, त्यावरून मांजराकाठी काय होईल ते विचारू नका. सोयाबीनची बनीम लावली असेल तर तिच्यावर ताडपत्री टाका, कडेनं दगड ठेवा. आणि मजुरांची जेवणं कधी होतात त्याचा अंदाज घेऊन एक ताडपत्री जास्तीची आणा.